चेंडू जेवला का?

१

भॉकाकांच्या हातचं जेवण ताटात टाकून माणूस उठलाय, असं आजवर घडलं नाही. हे भॉकाका स्वतःच सांगत, मिशीवरून हात फिरवून. ऐकणाऱ्यानं कौतुकानं मान हलवली, की डोळा मिचकावून पुढचंही तेच जोडत: "जेवणाच्या सुट्टीत कारखान्याचं फाटक बंद असायचं. पळणार कुठं बिचारे?"

उमेदीची सगळी वर्षं त्यांनी त्या कारखान्याच्या कँटीनमध्ये डाव फिरवला. शाळा त्यांनी सोडली की शाळेनं त्यांना, यावर मतभेद आहेत. नाव कामगारांनी ठेवलेलं. पिंपामागे, पोत्यांच्या थप्पीमागे, दाराआड दबा धरून बसायचं आणि माणूस जवळ आला की "भॉ!" करून त्याच्या हातातली थाळी उडवायची, हा त्यांचा धर्म. एकदा साक्षात मॅनेजरसाहेबांचं सूप साक्षात मॅनेजरसाहेबांच्या कोटात गेलं. नोकरी वाचली ती दुसऱ्या दिवशीच्या सूपमुळे.

निवृत्त झाले तरी खोड गेली नाही. जित्याची खोड ती. शेजारी राहणारी नर्सबाई म्हणायची, देवानं या माणसाला म्हातारपण दिलं आणि मोठेपण द्यायला विसरला. तिच्या कुत्र्यावर भॉकाका रोज सकाळी जिन्यात भुंकायचे आणि कुत्रा त्यांच्यावर. कुणी आधी सुरू केलं हे आता दोघांनाही आठवत नव्हतं.

मात्र एक ताट परत आलं होतं. ते त्यांच्या बायकोचं.

आजार मोठा होता, पण भॉकाकांना आजार कळायचा नाही, त्यांना ताट कळायचं. पातळ करून पाहिलं, गाळून पाहिलं, चमचा चिमणीसारखा उडवत नेऊन पाहिला. शेवटी शेवटी ती भिंतीकडे तोंड करून पडायची आणि हात मागे करून चमचा बाजूला सारायची. शेकडो माणसं जेवू घातलेल्या माणसानं घरच्या एका माणसापुढे हात टेकले. लेक दारात उभी राहून हे बघायची. आई गेल्यावर तिचं बोलणं तुटलं. बोटीच्या इंजिनावर काम करणारी पोरगी, महिनोन्महिने पाण्यावर. घरी आली की आपल्या खोलीत.

मग एकदा ती एक काचेची पेटी घेऊन आली आणि कितीतरी दिवसांनी हसली.

२

पेटीत अजगराचं पिल्लू होतं. बॉल पायथन, लेक म्हणाली. विषारी नाही, मोठं झालं तरी तीन हातांच्या वर फारसं जात नाही, आणि घाबरलं की डोकं आत घालून स्वतःचा गोळा करून बसतं. म्हणून नाव चेंडू.

भॉकाकांना ही जात लगेच आवडली. दुसऱ्याला घाबरवण्याऐवजी स्वतःच घाबरणारा साप म्हणजे त्यांच्या मते पोलिसानं चोराला बघून पलंगाखाली शिरण्यासारखं होतं.

बोटीचं बोलावणं आलं तेव्हा लेकीनं सगळं समजावून सांगितलं. पेटीखाली ऊब देणारी चटई, ती तापली की टक वाजून आपोआप बंद होते, गार झाली की टक वाजून सुरू. लपायला पालथी घातलेली अर्धी कुंडी. पाण्याची वाटी. आणि फ्रीजरमध्ये, बर्फाच्या साच्यांशेजारी, डब्यात गोठवलेले छोटे उंदीर. उंदीर गरम पाण्यात सोडायचा, बर्फ सुटून पुरता मऊ पडला की कोरडा करायचा आणि चिमट्यात धरून चेंडूपुढे हलवायचा. त्याला तो जिवंत वाटला पाहिजे.

"म्हणजे थट्टा करायची," भॉकाका म्हणाले. "मेलेल्याला जिवंत म्हणून वाढायचं. जमेल की. कँटीनमध्ये कालची भाजी आजची म्हणून वाढण्यात हयात गेली."

लेक हसली. बॅग उचलता उचलता म्हणाली, "एवढा एक जीव सांभाळा, आबा."

एवढा तरी, असं ती म्हणाली नाही. भॉकाकांना मात्र तो 'तरी' ऐकू आला. जिन्यावरचे तिचे पाय वाजायचे थांबले तरी ऐकू येत राहिला.

३

चेंडू जेवेना.

पहिल्या वेळी उंदीर नाकासमोर आला आणि चेंडूनं मान फिरवली. दुसऱ्या वेळी गोळा केला. तिसऱ्या वेळी कुंडीतून बाहेरच आला नाही. भॉकाकांनी पेटीवर चादर टाकून अंधार केला. चटई जरा गरम केली. उंदराचं डोकं ड्रायरनं शेकलं, कारण हे साप म्हणे ऊब बघून झडप घालतात. चिमट्यात धरून त्याला चालवला, बसवला, दोन पायांवर नाचवला. बघायला कुणी असतं तर टाळ्या पडल्या असत्या. चेंडू कुंडीच्या तोंडाशी हनुवटी टेकून हा सगळा तमाशा बघत राहिला, आणि त्याच्या तोंडावरचा भाव भॉकाकांना नको इतका ओळखीचा वाटला.

प्राण्यांच्या दुकानात जाऊन त्यांनी गाऱ्हाणं घातलं. दुकानदार पोपटासारखा माणूस, तेच तेच बोलायचा. ही जात रुसते, म्हणाला. हात कमी लावा, वाट बघा. पण पिल्लू आहे, मोठ्यांसारखं फार दिवस तग धरणार नाही. पाठीचा कणा वर दिसायला लागला तर समजा, वेळ कमी आहे. अजून एक उपाय म्हणजे वास. उंदराला दुसरा कुठलातरी आवडीचा वास लावायचा. कुठला ते ज्याचं त्याला माहीत. कुणाला कोंबडीच्या पिल्लाचा चालतो, कुणाला हॅमस्टरच्या भुशाचा.

"नाक दाबलं की तोंड उघडतं," भॉकाका म्हणाले.

"याचं नाक दाबू नका," दुकानदार घाबरून म्हणाला.

घरी येऊन कोंबडी झाली, भुसा झाला, एकदा लोणीसुद्धा झालं, कारण आचाऱ्याचा लोण्यावर विश्वास असतो. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. लेकीचा फोन यायचा, मागे इंजिनाची घरघर, आणि पहिलाच प्रश्न असायचा: "चेंडू जेवला का?" पहिल्यांदा भॉकाका म्हणाले, बेत चाललाय. मग म्हणाले, आज-उद्यात जेवेल. मग फोन वाजला की आधी ते स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायला लागले.

एका दुपारी चेंडू पाण्याच्या वाटीपर्यंत आला. खिडकीच्या उजेडात त्याच्या पाठीवर, मानेपासून शेपटीपर्यंत, बारीक उभी रेघ उमटलेली दिसली. कातडीखालून वर आलेला कणा. भॉकाकांनी ही रेघ याआधी पाहिली होती. भिंतीकडे तोंड करून पडलेल्या माणसाच्या पाठीवर.

४

त्या संध्याकाळी घडलं ते निव्वळ आचाऱ्याच्या सवयीनं घडलं. दुसऱ्या कुणाच्या हातून ते झालं नसतं.

उंदीर गरम पाण्यातून काढून कोरडा केला होता आणि तेवढ्यात फोन वाजला. गरम अन्न तसंच उघडं सोडून जाणं भॉकाकांच्या रक्तात नव्हतं. कँटीनमध्ये पावाची टोपली असो की भाताचं पातेलं, वाढायला वेळ असला की ते जाड कापडात गुंडाळायचं, ऊब राहते. त्यांनी हात लांब केला. खुर्चीच्या पाठीवर बायकोची शाल होती. ती गेल्यापासून तिथंच होती, कुणी हलवली नव्हती. त्यांनी त्या शालीच्या घडीत उंदीर गुंडाळला आणि फोन घेतला.

लेक होती. चेंडू जेवला का? भॉकाका म्हणाले, ताट वाढतोच आहे. फोन ठेवून त्यांनी उंदीर शालीतून काढला, चिमट्यात धरला आणि पेटीचं झाकण सरकवलं.

तो नाचवायची वेळच आली नाही. कुंडीतून चेंडू बाहेर आला तो सुतासारखा सरळ. जीभ दोनदा लवलवली. मग चिमट्याला असा हिसका बसला की भॉकाकांच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच दचकून "भॉ" निघालं. वेटोळी आवळली गेली, जबडा ताणला गेला, आणि उंदीर हळूहळू आत गेला. शेपूट राहिली. मग शेपूटही गेली.

भॉकाका खाली बसून रडले. मग उठून बोटीवर फोन लावला. लाइन लागायला वेळ लागला. लेक म्हणाली, खरंच? शप्पथ? आणि हसली, आई होती तेव्हाचं, नाकातून सुरू होणारं हसू. म्हाताऱ्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"ये तर खरी घरी," ते म्हणाले. "आल्या आल्या असं भॉ करीन, की बॅग टाकून पळशील."

"आता नाही हं दचकत मी," ती म्हणाली. "लहान आहे का?"

फोन ठेवल्यावर ते शाल पुन्हा खुर्चीवर टाकायला गेले. रोज संध्याकाळी ते ती एकदा नाकाशी नेत. ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती आणि तुम्हीही सांगू नका. तेलाचा, मलमाचा आणि तापल्या इस्त्रीचा मिळून बायकोचा एक वास होता.

शालीला वास नव्हता. उंदराचाही नव्हता. लोकरीचाही नव्हता. पाण्याला असतो तितकाही नव्हता.

सर्दी झाली असेल, असं त्यांनी ठरवलं. मग कांदा फोडून हुंगला. कांदा झणझणीत होता.

५

पुढचा उंदीर साधा दिला. चेंडूनं मान फिरवली. शालीत गुंडाळून दिला, तरी मान फिरवली. रिकाम्या शालीशी त्याला काही देणंघेणं नव्हतं.

भॉकाका कपाटापुढे बराच वेळ उभे राहिले. आत बायकोचा स्वेटर होता, उशीचा अभ्रा होता, कंगवा होता. लेक यायची ती जिवंत साप बघायला येणार, जुना स्वेटर हुंगायला नाही, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. आणि हे सगळं मनाचे खेळ. वास काय, हवेनंही उडतो.

स्वेटरवर चेंडू जेवला. गिळून झालं की जबडा जागेवर बसवायला हे साप मोठी जांभई देतात. त्या दिवशी भॉकाकांचं तोंड पेटीच्या अगदी वर होतं. चेंडूनं जबडा फाकवला. आतला फिका गुलाबी रंग दिसला, आणि तिथून वर, गरम, भॉकाकांच्या तोंडावर आला तो त्यांच्या बायकोचा वास. तेल, मलम, तापली इस्त्री. ती वाकून त्यांच्या कानात काही सांगणार असावी, इतक्या जवळून.

जबडा मिटला. चटई टक वाजून बंद झाली.

त्यानंतर आपण चेंडूला का जेवू घालतोय, याचं एकच उत्तर भॉकाकांपाशी राहिलं नाही. अभ्रा दिला, तेव्हा ते आधीपासूनच खुर्ची ओढून पेटीवर वाकून बसले होते, जांभईची वाट बघत. कंगवाही उंदरावरून फिरवून झाला. चेंडूची पाठ भरली, रेघ बुजली, कातडी चकाकायला लागली. कपाट उघडलं की मात्र नुसता लाकडाचा वास यायचा.

नर्सबाई वाटी परत द्यायला आली होती. बायकोच्या दुखण्यात तिनंच पाठ पुसून दिली होती, इंजेक्शनं दिली होती, शेवटी डोळे मिटले होते. वाटी ठेवता ठेवता ती भिंतीवरच्या फोटोपाशी थांबली. नीट जवळ जाऊन पाहिलं.

"या कोण, हो?"

भॉकाका हसले. आयुष्यभर दुसऱ्यांची टोपी उडवली, आता कुणीतरी आपलीही उडवणारच. ते म्हणाले, वा, बाई, जमलं. पण नर्सबाईला थट्टा करता यायची नाही. करायला गेली की आधी तिलाच हसू फुटायचं. ती हसत नव्हती. दुसऱ्याच्या घरी अनोळखी फोटोकडे बघावं तशी शिष्टाचारानं बघत होती. "चेहरा चांगला आहे," म्हणाली, आणि गेली.

त्या संध्याकाळी लेकीचा फोन आला. चेंडू जेवला का? जेवला. भॉकाकांच्या जिभेवर दुसराच प्रश्न होता. तुला आई आठवते ना गं? एवढंच विचारायचं होतं. "तुझी आई," त्यांनी सुरुवात केली.

पलीकडे घरघर होती. मग लेक म्हणाली, "कोण?"

"आवाज तुटतोय," भॉकाका घाईनं म्हणाले, आणि फोन ठेवून दिला. आवाज खरंच तुटत होता की नाही, हे त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही.

६

तिचं असं काहीच उरलं नाही, तेव्हा चेंडू पुन्हा रुसला. या वेळी रेघ लवकर आली. जणू पोटात गेलेलं नुसतं उसनं होतं.

लेकीच्या येण्याची बातमीही आली. बोट बंदराकडे निघाली होती. तिचा आवाज असा, की पोरगी सापाला नाही, साताजन्माच्या मैत्रिणीला भेटायला निघाली असावी. आबा, म्हणाली, तुम्ही होतात म्हणून. माझ्यानं एवढं झालं नसतं.

भॉकाकांनी काय काय केलं ते ऐका आणि हसायचं तर हसा. नर्सबाईच्या कुत्र्याचं पांघरूण वाळत घातलेलं होतं, ते पळवलं. चेंडूला कुत्रा चालला नाही. दुकानदाराच्या गल्ल्यावरचा त्याचा रुमाल खिशात घालून आणला. दुकानदारही चालला नाही. चेंडूला परकी माणसं नको होती. त्याला घरचं जेवण हवं होतं.

आणि घरात अजून एका माणसाचा वास होता. बंद खोलीत, लेकीच्या उशीवर, तिच्या तेलकट कामाच्या डगल्यावर, चपलांच्या पट्ट्यांवर. भॉकाका दुपारी त्या खोलीशी गेले, दार उघडलं, उशी उचलली. मागच्या खोलीतून आवाज आला, भुशावरून काहीतरी भराभर सरकल्याचा. जाऊन पाहिलं तर चेंडू कुंडीबाहेर येऊन काचेला लागून उभा ताठला होता. त्या दाराच्या दिशेनं.

उशी कधी खाली पडली ते भॉकाकांना कळलं नाही. त्यांनी लेकीची खोली बंद केली, कुलूप घातलं, दाराखालच्या फटीत ओला टॉवेल कोंबला. मग स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून स्वतःशीच वाद घातला. वास गेला म्हणून माणूस जात नाही. नर्सबाई वयानं विसरभोळी झाली असेल. फोनची लाइन खराब असेल. साप हा साप आहे. हे सगळं पटलं. पटल्यावरही ते कुलूप काढायला उठले नाहीत.

बरं, त्यांनी विचार केला, आपल्या वासाचं तरी कुणाला काय पडलंय? घाम, तंबाखू आणि फोडणी. बायको तर म्हणायची, अंघोळ करून आलात तरी अर्धे कँटीनच येता.

त्यांनी अंगातला बनियन काढला आणि उंदीर त्यात गुंडाळला. गरम राहावा म्हणून, नीट, चारी कोपरे आत दुमडून.

चेंडू आढेवेढे न घेता जेवला.

७

जिन्यात कुत्रा भुंकला नाही.

भॉकाकांनी रोजच्यासारखी त्याच्यावर भुंकायला सुरुवात केली. कुत्र्यानं कान हलवले, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि पायरीवर पुन्हा डोकं टेकलं. शहाणा झाला, भॉकाका म्हणाले. माणसांनीही व्हायला काय हरकत आहे?

सदरा गेला. पायमोजे गेले. टोपी गेली. चेंडू आता भुकेला राहत नव्हता, उलट लवकर लवकर मागत होता.

त्यांनी नर्सबाईला सूप नेऊन दिलं, नेहमीचं, मॅनेजरच्या कोटातलं. तिनं दार उघडलं ते जरा उशिरानं, आणि वाटी घेताना ती त्यांच्या खांद्याच्या वरून जिन्याकडे बघत होती. दुसऱ्या दिवशी वाटी दाराबाहेर ठेवलेली होती, सूप तसंच. वर चिठ्ठी नाही, बोलणं नाही. चाखून पाहिलं तर गरम केलेलं पाणी. मीठ होतं, मिरी होती, सगळं होतं, हात नव्हता.

प्राण्यांच्या दुकानाचं काचेचं दार माणूस समोर आला की आपोआप सरकायचं. भॉकाका त्याच्यापुढे उभे राहिले. एक पाऊल मागे गेले, पुढे आले. हात हलवले. आतून दुकानदारानं दाराकडे बघितलं, पण भॉकाकांकडे नाही. मागून एक बाई आली, दार सरकलं, तेव्हा भॉकाका तिच्या पाठोपाठ आत शिरले. उंदरांचा डबा मागितला. पुन्हा मागितला. दुकानदार त्यांच्याआरपार त्या बाईशी बोलत राहिला. शेवटी त्यांनी स्वतःच डबा उचलला, बदल्यात हातातलं घड्याळ गल्ल्यावर ठेवलं आणि निघाले. असली मोठी थट्टा त्यांनी जन्मात केली नव्हती, आणि ती बघायला कुणी नव्हतं.

घरी पेटीच्या काचेवर त्यांनी तोंड नेऊन श्वास सोडला. उबदार काचेवर वाफ धरत नाही, असं त्यांनी ठरवलं. मग खिडकीची गार काच घेतली. तिच्यावरही वाफ धरली नाही, आणि आता काही ठरवता आलं नाही.

आता सगळं लेक येण्यावर होतं. ती आली की पेटी दुकानात परत, बस्स, सांगून टाकायचं, ती हसली तर हसू दे. तोवर त्याला मरू द्यायचं नाही आणि त्या खोलीचं कुलूप काढायचं नाही. येतेय असा फोन आला, तेव्हा भॉकाका मोठमोठ्यानं बोलत होते. पलीकडून ती म्हणत होती, आबा? हॅलो? आबा, लाइनवर आहात का? आणि मग, शेजारच्या कुणाला तरी, हसत: "उचललाय, पण बोलत नाहीयेत. काहीतरी टिवल्याबावल्या चालल्या असणार."

ती यायच्या दिवशी सकाळी चेंडूनं पुन्हा मागितलं. अंगावरचं काही राहिलं नव्हतं. भॉकाकांनी उंदीर दोन्ही तळव्यांत धरून बराच वेळ चोळला, पोळ्यांची कणीक मळावी तसा. या हातांनी आयुष्यभर वाढलं होतं. शेवटचं वाढून झालं.

गिळून झाल्यावर चेंडूनं जांभई दिली. तंबाखू, घाम, फोडणी. चांगला होता की वास, भॉकाकांना वाटलं. बायको उगाच नावं ठेवायची.

८

लेकीनं आपल्या किल्लीनं दार उघडलं. दुपारचं ऊन तिच्याबरोबर आत आलं. भॉकाका स्वयंपाकघराच्या दाराआड उभे होते, नेहमीच्या जागी, छाती भरून. तिच्या चपला जवळ आल्या, आणि त्यांनी उभ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं "भॉ!" केलं.

ती त्यांच्यासमोरून गेली. बॅग ठेवली. घर डोळ्यांनी फिरून पाहिलं आणि म्हणाली, "आबा? काय बंद घरासारखं वाटतंय हे."

भिंतीवरचा फोटो तिनं काढला, बाहीनं पुसला, क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. दवाखान्यात नंबर येईपर्यंत समोरच्या कॅलेंडरकडे बघतात तसं. आणि पुन्हा अडकवला, जरा वाकडा.

भॉकाका बोलायला लागले. सगळं, पहिल्यापासून, शाल, स्वेटर, कंगवा. ती मागच्या खोलीत गेली, तर ते तिच्यापुढे उलटे चालत गेले. तिच्या तोंडावर ओरडले, तिची बाही धरली. तिनं बाहीवरची सुरकुती झटकली.

"चेंडू!" ती म्हणाली, आणि नाकातून सुरू होणारं ते हसू हसली. "केवढा गुबगुबीत झालायस रे."

झाकण सरकवून तिनं हात आत घातला. चेंडूनं गोळा केला नाही. तो कुंडीतून निघाला तो सुतासारखा सरळ, भॉकाकांच्या अगदी पुढून, त्यांच्याकडे न बघता, आणि तिच्या मनगटावर चढला.

भॉकाका स्वयंपाकघरात धावले. कँटीनचा मोठा डाव आणि परात, दोन्ही घेतलं, आणि अंगात होतं नव्हतं ते बळ एकवटून डाव परातीवर हाणला.

लेकीचा खांदा उडाला. ती वळली. दारात ते उभे होते, डाव वर धरून, हातभर अंतरावर. तिनं नीट त्यांच्याकडे पाहिलं, मग दाराच्या मागे पाहिलं, मग कपाटाच्या बाजूला, एकेका नेहमीच्या जागी. तिच्या कोपरापर्यंत पोचलेल्या चेंडूची जीभ लवलवत होती.

"बरं, दचकले, आबा. जिंकलात," ती म्हणाली. "आता या बाहेर, आणि येताना याचं जेवण घेऊन या. उपाशी ठेवलंत वाटतं. बघा ना, केव्हाचा माझाच हात हुंगतोय."